माशाने दिलेला नकार

अमेरिकेत मिनेसोटाला असलेल्या भाच्याने परवा व्हिडिओ पाठवला. मिल लॅक्स हे गोठलेलं अफाट तळं, बर्फात ऑगर या गिरमिटाने पाडलेलं वीतभर भोक, बादली पालथी घालून त्यावर बसलेले भाचेबुवा, आणि नजर भोकाऐवजी एका गोल तबकडीवर. हा फ्लॅशर. भोकात सोडलेला ट्रान्सड्यूसर ध्वनिलहरी पाठवतो. त्या गळावर, माशावर, तळावर आपटून परततात आणि तबकडीवर रंगीत रेघा उमटतात, प्रतिध्वनी जोरकस तर लाल, क्षीण तर हिरवी. पाणबुड्या शोधण्याची ही विद्या कार्ल लोरन्स यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस हौशी गळवाल्यांच्या हाती दिली. मला यात आवडतो तो माशाचा नकार. वॉलाय माशाची रेघ तळातून उठते, आमिषाजवळ येते, थबकते आणि निघून जाते. मुलगी पाहून, पोहे खाऊन गेलेल्या स्थळासारखी! पूर्वी ‘इथे मासेच नाहीत’ म्हणून मान राखता यायचा, तोही गेला. इथवर ठीक. पण २०१८ साली आलेलं गार्मिन कंपनीचं लाइव्हस्कोप हे यंत्र बर्फाखाली आडवंही पाहतं, मासा हलताना दाखवतं. म्हणजे मासा कुठे आहे ते पाहायचं आणि तिथे जाऊन भोक पाडायचं. ही मासेमारी नव्हे, पाठलाग आहे. गळवाल्यांनी फ्लॅशरपाशीच थांबावं. मला जुनाट म्हणणाऱ्याने आधी उणे वीस अंशांत तासभर बादलीवर बसून दाखवावं. मी बसणार नाही, हा प्रश्न वेगळा.