‘काही लागलं तर सांगा’

बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या जवळपास प्रत्येकाने निघताना म्हटलं, ‘काही लागलं तर सांगा.’ लागणार बरंच होतं. पण नेमकं काय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ज्या तिकिटावर कोणाचंच नाव नसतं, ते कोणीच उचलत नाही. हे वाक्य म्हणजे तसलंच तिकीट आहे. म्हणणाऱ्याचं मन हलकं होतं, काम मात्र जिथल्या तिथे राहतं.

तिरडी कशी बांधायची, दहाव्याचं सामान कुठे मिळतं, हे सांगणारा माणूस प्रत्येक आळीत असतो आणि तो न बोलावता येतो. मृत्यूची खबर २१ दिवसांत निबंधकाकडे द्यावी लागते, दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात, हे सांगायला मात्र कोणी येत नाही. उलट ‘पैशाचं तेराव्यानंतर बघू, आत्ता शोभत नाही’ असं बजावलं जातं. पण सुतक घरच्यांना लागतं, कर्जाच्या हप्त्याला लागत नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि आईच्या बँकेतल्या खेपा सुरू झाल्या. ती नॉमिनी होती. नॉमिनी असेल तर वारसा दाखल्याचा आग्रह धरू नये आणि कागद पूर्ण मिळाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी तिच्याकडे तोच दाखला मागितला गेला. नियम आम्हाला माहीत नव्हता, म्हणून चार महिने गेले. एका नातेवाइकाने तर सल्ला दिला, ‘फोन चालू आहे तोवर ओटीपी घेऊन पैसे वळते कर.’ असं कधीही करू नका. खात्यावरचा नॉमिनी पैशाचा मालक नसतो, तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो. उद्या दुसरा वारस कोर्टात गेला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

बाबा नोकरीत असतानाच गेले. पीएफ कापला जाणारा कर्मचारी नोकरीत असताना गेला, तर ईडीएलआय योजनेतून कुटुंबाला सात लाखांपर्यंत विमा मिळू शकतो. हे आम्हाला पाचव्या महिन्यात कळलं, तेही चहाच्या टपरीवर, बाबांच्या एका सहकाऱ्याकडून. सांत्वनाला आलेल्यांत पीएफवाले कितीतरी होते.

दुःखात कागदांचं बोलणं कोरडेपणाचं वाटतं, हे मला मान्य आहे. पण नवरा गेलेल्या बाईला काउंटरसमोर एकटीला उभं करणं, हा त्याहून मोठा कोरडेपणा आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘काही लागलं तर’ म्हणू नका. ‘काकू, मंगळवारी अकरा वाजता मी तुमच्याबरोबर बँकेत येतो, झेरॉक्स मी काढून आणतो,’ असं म्हणा. आणि मंगळवारी जा.