पझेशनच्या आधी

आमच्या चामटोलीत खोदकाम म्हणजे जेसीबी आणि पझेशनची तारीख! 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप खोदला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक डब्या निघाल्या. सगळ्यात आतली सोन्याची. तिच्यात काय असेल? मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे!

आपलं कल्याणही जुनं बंदर. पहिल्या शतकातल्या ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये त्याचं नाव आहे. पण आता त्यावर अख्खं शहर बसलंय. आपल्या बदलापूर पट्ट्यात अजून पाये खणले जातायत आणि माती डंपरमधून जातेय, कुणी न बघता. खापराला बाजारात किंमत शून्य. ते कुठल्या थरात होतं, याला मोल. थर उपसला की संपलं. तेव्हा साइटवर जुनं काही दिसलं, तर उचलू नका. फोटो काढा, कळवा. दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरना सांगायचं, हा तर कायदाच आहे, 1878 चा!