फडात गेलेल्या बाईचं मत दुकानाला का मोजता?

बीड जिल्ह्यात दारूचं दुकान बंद करण्यासाठीचं बाटलीचं मतदान हिवाळ्यात, ऊसतोडीच्या हंगामात घेणं म्हणजे निकाल आधीच लावून ठेवणं आहे. पाटोदा तालुक्यात शिक्षिका म्हणून नोकरी केली, निवृत्तीनंतर दारूबंदीच्या कामात आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

2008 च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायचं तर आडव्या बाटलीला 50 टक्क्यांहून जास्त मतं हवीत. ही टक्केवारी झालेल्या मतदानाची नाही, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांची. यादीत 1000 बायका असतील, तर 501 मतं लागणार. त्यातल्या 300 ऊसतोडीला गेल्या, तर उरलेल्या 700 मधून 501 आणायची, म्हणजे शंभरातल्या जवळपास बहात्तर जणींनी आडव्यावर शिक्का मारायचा. जी आलीच नाही, तिचं मत आपोआप दुकानाच्या पारड्यात पडतं.

आमच्याकडे सह्या झाल्या पोळ्याच्या सुमारास. तेव्हा सगळ्याजणी घरी होत्या. मुकादमाची उचल हातात पडली की नवऱ्याचे पाय कुठे वळतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनीच पुढे होऊन सह्या केल्या, अंगठे दिले. पडताळणी, पत्रं, तारखा यांत दिवाळी गेली. मतदान लागलं तेव्हा गाड्या केव्हाच कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकाकडे गेल्या होत्या. मी केंद्राबाहेर यादी घेऊन बसले होते आणि न आलेल्यांच्या नावापुढे पेन्सिलीने ‘फड’ लिहीत होते. काही पानांवर तर एकामागून एक नावापुढे तेच. दुपारी एकीचा फडातूनच फोन आला, “बाई, माझं आडव्याला लिहून घ्या की.” तसं करता येत नाही, हे तिला सांगताना माझा घसा दाटून आला. येऊन जा म्हणणं सोपं आहे. एक दिवस चुकला की मुकादम खाडा लावतो, गाडीभाडं वेगळं, आणि कोपीत लेकरं कोणाजवळ ठेवायची?

गैरहजर मतदाराची सोय या देशाला नवी नाही. सीमेवरच्या जवानाला टपाली मत आहे, निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्याला आहे. 2024 च्या लोकसभेला 85 वर्षांवरच्या मतदारांकडे कर्मचारी मतपेटी घेऊन घरी गेले. विस्थापित काश्मिरींसाठी दिल्लीत वेगळी केंद्रं उघडली जातात. बाटलीच्या मतदानात मात्र केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं.

गोव्यात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला, तेव्हाही गैरहजरांच्या मताचा हाच वाद होता. एकट्या मुंबईत तेव्हा लाखभर गोवेकर राहत असल्याचा अंदाज होता. त्यांना टपालाने मत देऊ द्या, ही युनायटेड गोवन्स पक्षाची मागणी मान्य झाली नाही. पण तिथे हिशेब झाला तो पडलेल्या मतांचा. विलीनीकरणाच्या विरोधात 1,72,191, बाजूने 1,38,170. मुंबईतला गोवेकर मतदानाला मुकला, तरी त्याचं न पडलेलं मत दुसऱ्या बाजूला कोणी धरलं नाही. आमच्या बायकांच्या बाबतीत मात्र ते धरलं जातं.

बाहेर राहणाऱ्यांनी गावचा निर्णय का करावा, असं विचारलं जातं. पुण्या-मुंबईत घर केलेल्यांबद्दल तो प्रश्न मला पटतो. ऊसतोड बाईचं तसं नाही. तिचं रेशनकार्ड इथे, म्हातारी सासू इथे, उन्हाळा-पावसाळा ती इथेच काढते आणि दारूचा मारही इथेच खाते. एकूण यादीची अट असावी, नाहीतर मूठभर बायका दुकान बंद पाडतील, हाही एक युक्तिवाद आहे. त्यासाठी किमान किती मतदान व्हावं याची अट घाला. पण कौल पडलेल्या मतांवरच ठरवा.

फडात टपाली मतपत्रिका पोचवणं सोपं नाही, हे मला कळतं. टोळ्या आज या शिवारात, उद्या त्या. पण कोणता मुकादम कोणत्या कारखान्याला गेला, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. कारखाना स्थळावर एक दिवस पेटी ठेवता येईल. तेवढंही होत नसेल, तर ऊसतोडीच्या जिल्ह्यांत हे मतदान गाळप हंगामात घ्यायचं नाही, एवढी एक ओळ सरकारने आदेशात घालावी. तिला पैसा लागत नाही.

ती ओळ येईपर्यंत गावोगावच्या बायांना माझं सांगणं आहे. सह्यांचा अर्ज पोळ्यापर्यंत ठेवू नका. अक्षय्य तृतीया झाली की लगेच द्या, त्याची पोच घ्या आणि मतदान दसऱ्याच्या आत घ्यावं, ही मागणी त्याच अर्जात लेखी करा.