डीजेवरची अहिराणी

मंडळी, या वीकेंडला थोडं कामाबाहेरचं. विषय गाण्यांचा आहे आणि गाणी आपल्याच जिल्ह्यातली आहेत.

नाशिकमध्ये माझ्या वयाच्या लोकांना अहिराणी कुठे भेटते? हळदीच्या डीजेवर, नाहीतर मोबाइलवरच्या कॉमेडी व्हिडिओत. सचिन कुमावत यांचं 'केसावर फुगे' लागलं की पुणेकर, मुंबईकर, ज्याला 'शे' म्हणजे 'आहे' हेसुद्धा माहीत नाही तोही नाचतो. गाणं संपलं की तोच माणूस विचारतो, "ही भाषा जोकसाठीच आहे का रे?" आता बोला!

माझं मत आधीच सांगून टाकतो. या डीजेच्या गाण्यांना नाकं मुरडणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. पण एखाद्या भाषेत फक्त डीजेच वाजत असेल, तर ती भाषा अडचणीत आहे असं समजावं.

आकडे बघू (सवय आहे, सुटत नाही :-)). २००१ च्या जनगणनेत खानदेशी भाषकांची संख्या सुमारे २०.७५ लाख होती. अहिराणी याच गटात मोजली जाते. २०११ मध्ये हा आकडा सुमारे १८.६ लाखांवर आला. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली, भाषक मात्र कमी झाले. यात एक गोम आहे. जनगणनेत मातृभाषा आपण सांगू ती लिहिली जाते. म्हणजे घरात 'माले-तुले' करणारा माणूसही 'मराठी' सांगून मोकळा होऊ शकतो. पण मग प्रश्न आणखी मोठा होतो : त्याला 'अहिराणी' सांगावंसं का वाटलं नसेल?

याचं उत्तर शोधायला जरा लांब, जपानच्या ओकिनावा बेटावर जाऊ. तिथल्या शाळांमध्ये एके काळी बेटाची बोली बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. पुढचा पोरगा बोलीत बोलताना सापडला की पाटी त्याच्या गळ्यात. आपल्याकडे पाटी नव्हती. पाटीचं काम आपल्याकडे हसण्याने केलं. सटाणा-कळवणचा मुलगा कॉलेजात येतो, पहिल्या आठवड्यात दोनदा त्याच्या उच्चारांवर वर्ग हसतो, आणि दिवाळीपर्यंत तो शुद्ध पुस्तकी बोलायला लागतो. पुढे लग्न होतं, सिडकोत फ्लॅट होतो, आणि मुलांशी तर मराठीही अर्धीच बोलली जाते. कोणी बंदी घातली नाही, तरी भाषा घरातून गेली.

ओकिनावातही ती गेलीच, पण गाण्यांत मात्र टिकून राहिली. सानशिन हे तिथलं तीन तारांचं वाद्य. शोकिची किना या गायकाने सत्तरच्या दशकात ते वाद्य आणि रॉक एकत्र करून बेटाच्या भाषेत 'हाइसाइ ओजिसान' गाजवलं. ऐकायला एकदम धमाल, नाचाचं गाणं. पण त्यामागचा म्हातारा किनाच्या शेजारचा, घरात भयंकर घटना घडल्यावर दारूत बुडालेला. म्हणजे नाचाच्या गाण्यातही दुःख मावतं. आणि त्या बेटावर नाचाच्या गाण्यांशेजारी प्रेमाची, समुद्राची, युद्धाची गाणीही आहेत.

आपल्याकडे माल कमी आहे का? अजिबात नाही. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात, त्यात सासरची अख्खी तक्रारवही असते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आपल्या सिडको-सातपूरमध्येही बसते. रोट होतात, रात्रभर गाणी होतात आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन. चैत्रात सप्तशृंग गडावर खानदेशातून पायी येणारे लोक गातच येतात. सटाण्याच्या डॉ. सुधीर देवरे यांनी 'अहिराणी लोकपरंपरा'सारखं पुस्तक लिहून यातलं बरंच कागदावर आणलं. पण गाणं कागदावर अर्धंच येतं, चाल आणि आवाज बाहेरच राहतात.

आणि आपला ढोंगीपणा बघा. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी पुस्तकात आली की आपण माना डोलावतो. त्यांची बोली लेवा गणबोली, म्हणजे अहिराणीची शेजारीणच. छापली की कविता, आणि तशीच बोली शेजारच्या टेबलवर कोणी बोललं की गावठी! ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले. मराठीच्या या शेजारणींसाठी कोणी काही टाकलेलं मला तरी दिसलं नाही.

डीजेवाल्यांनी एक मोठं काम केलंय. अहिराणी बोलताना लाज वाटायची, तिथे त्यांनी ती जोरात वाजवली, आणि कोणाच्या अनुदानाशिवाय. यूट्यूबवर ज्याला व्ह्यूज तेच पुढे येतं, म्हणून नाच आणि विनोदच पुढे आला, यात त्यांचा काय दोष? उरलेलं काम आपलं आहे. आजीच्या कानबाईच्या गाण्याला व्ह्यूज मिळणार नाहीत, म्हणून ते कोणी रेकॉर्ड करणार नाही. आणि ती गाणी पाठ असलेल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. या डेटाचा बॅकअप कुठेही नाही, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी वेगळं सांगायला नको.

म्हणून येत्या श्रावणात एक रविवार काढा. आजीला, मावशीला विचारून मोबाइलवर गाणी रेकॉर्ड करा. गाव कोणतं, गाणं कोणत्या वेळी म्हणतात, न कळलेल्या शब्दाचा अर्थ काय, एवढं लिहून ठेवा. आणि हळदीत नाचायचं तेही नाचा, बिनधास्त. फक्त पुढच्या जनगणनेत मातृभाषा विचारली आणि घरात अहिराणी बोलत असाल, तर तसं सांगा.

बघा, पटतंय का.