सही नको, निरीक्षण हवं

आपल्या समाजात बी.एड. ही मुलींसाठी 'सेफ' डिग्री मानली जाते. लग्नाआधी होऊन जाते, लग्नानंतर उपयोगी पडते, आणि नोकरी लागली तर मुलगी वेळेत घरी येते. अब्बूंना पटते, होणाऱ्या सासरलाही पटते. या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ही मुलगी शिकवायला नेमकी कुणाकडून शिकली?

कागदावर याचं उत्तर आहे. महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यानंतर एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि दुसऱ्या वर्षात १६ आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढणं आलं. यालाच आंतरवासिता म्हणतात. छात्राध्यापिकेनं पाठ टाचण काढायचं, पाठ घ्यायचा आणि शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकानं मागच्या बाकावर बसून तो पाहायचा, अशी ही कल्पना आहे.

मी उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. आमच्याकडे दरवर्षी छात्राध्यापक येतात. मार्गदर्शक शिक्षक मागच्या बाकावर क्वचितच असतो, तो स्टाफरूममध्ये असतो. निरीक्षण वही त्याच्यापर्यंत जाते आणि 'पाठ चांगला झाला. आवाज मोठा ठेवावा. फलकलेखन सुधारावे.' असा शेरा पडतो. पाच पाठांच्या सह्या एका दमात होतात. आवाजाचा शेरा तर इतका ठरलेला आहे की ज्यांचा आवाज खणखणीत आहे त्यांच्या वहीतही तो सापडतो.

सगळा दोष शिक्षकाच्या माथी मारून चालणार नाही. शाळेत जागा रिक्त असतात. छात्राध्यापक आले की मुख्याध्यापक त्यांच्याकडे फुकटचे बदली शिक्षक म्हणून बघतात. सहावीला शिक्षक नाही? पाठवा बी.एड.वाल्यांना. दिवसाला पाच-पाच तास, समोर ५० मुलं आणि मागे कुणीच नाही. अशा वेळी ती मुलगी वर्ग शांत ठेवायला शिकते, आणि तेही कपाटातली छडी बघून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही, हे तिनं परीक्षेत लिहिलेलं असतं. वर्गात मात्र ती तेच शिकते जे तिला दिसतं.

मागच्या बाकावर बसल्यानं काय फरक पडतो, ते सांगतो. एका छात्राध्यापिकेनं आठवीवर कवितेचा पाठ घेतला. तक्ते सुंदर, टाचण नेटकं. मी माझ्या वहीत शेरा लिहिला नाही. बाकांचा नकाशा काढला आणि जो मुलगा किंवा मुलगी बोलेल तिथे टिंब दिलं. तास संपला तेव्हा हजर ४६ पैकी सहा जणांपुढे टिंबं होती, आणि ते सहाही खिडकीजवळच्या पुढच्या बाकांवरचे. नकाशा तिच्या हातात दिला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, मी तर सगळ्यांना विचारलं होतं." तिनं विचारलं होतं ते "समजलं का?" आणि वर्गानं एका सुरात "हो" म्हटलं होतं. पुढच्या पाठाला ती स्वतःच शेवटच्या रांगेपर्यंत गेली. मला काही सांगावं लागलं नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा होता. एका मुलानं उत्तर देता देता "नक्को" म्हटलं. तिनं लगेच टोकलं, "मराठीत बोल." मग 'पानी' नाही 'पाणी', 'काला' नाही 'काळा', असं प्रत्येक वाक्यावर चाललं. दहा मिनिटांत वर्ग गप्प. पाठानंतर आम्ही बसलो तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, की 'नक्को' हा शब्द कुठला? दखनीत तो मराठीच्या 'नको'वरूनच आला आहे. म्हणजे ज्या शब्दावर ती मुलाला अडवत होती, तो त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा मराठी शब्द होता. पुढच्या आठवड्यात तिनं फळ्यावर एक यादी केली: हजर, कागद, अर्ज, तारीख, जमीन, वकील, हिशेब, बाकी, फक्त. मुलांना विचारलं, हे शब्द मराठी की उर्दू? अर्धा तास भांडण चाललं आणि ते मोडक्या का होईना, मराठीत चाललं. ण आणि ळ नंतर मोठ्यानं वाचून घेताना येतात, त्यासाठी मूल आधी बोललं पाहिजे.

याला मी किरकोळ बाब मानत नाही. पोलीस भरती असो वा तलाठी भरती, मराठीचे प्रश्न असतातच. उर्दू शाळेतल्या मुलाचं मराठी कच्चं राहिलं तर त्याचा रस्ता तिथेच अडतो, आणि मग आपण सभांमधून नोकऱ्यांतल्या टक्क्यांची चर्चा करत बसतो. त्या टक्क्याचं एक मूळ न पाहिलेल्या पाठांत आहे.

आता थोडं आपल्या संस्थांबद्दल. उर्दू माध्यमाच्या छात्राध्यापिका उर्दू शाळांतच जातात, मराठी माध्यमाच्या मराठी शाळांत. सोय म्हणून ठीक आहे. पण १६ पैकी तीन-चार आठवडे अदलाबदल का करू नये? हिजाब घालणारी छात्राध्यापिका मराठी शाळेत गेली की काही ठिकाणी निरीक्षकाचं लक्ष पाठापेक्षा तिच्या कपड्यांकडे जातं, हे मी ऐकलं आहे आणि ते चीड आणणारं आहे. पण म्हणून तिला कायम आपल्याच मोहल्ल्यात ठेवणं हा त्यावर इलाज नाही. आणि आपल्या शाळांत इतर समाजांचे छात्राध्यापक किती येतात? आपले विश्वस्त दार उघडतात का? फातिमा शेख यांचे फोटो आपण स्टेटसवर ठेवतो. त्या सावित्रीबाईंसोबत एकाच शाळेत काम करत होत्या आणि १८५६ च्या पत्रात सावित्रीबाईंनी फातिमावर पडणाऱ्या कामाच्या ओझ्याची काळजी केली आहे. सहकाऱ्याचं काम जवळून पाहणारं माणूसच अशी काळजी करू शकतं.

वाचकांपैकी जे बी.एड. किंवा डी.एल.एड. करत आहेत त्यांना माझं सांगणं आहे. 'नॉन-अटेंडिंग'चा सौदा करू नका. फी देऊन हजेरी विकत मिळते, पण वर्गासमोर उभं राहिल्यावर ती काही कामाला येत नाही. पूर्ण तास बसून पाठ पाहा, अशी विनंती मार्गदर्शकाला करा. मोठ्यांना असं कसं म्हणायचं, हा आपला संकोच मला ठाऊक आहे. अदबीनं म्हणा, पण म्हणा. तेही जमलं नाही तर दोघी मैत्रिणींनी एकमेकींचे पाठ पाहा आणि टिंबांचा नकाशा काढा. त्याला कागद आणि पेन्सिल पुरते.

संस्थाचालकांकडून मला भाषण किंवा सत्कार नको. मार्गदर्शक शिक्षकाचा आठवड्यातला एक तास मोकळा ठेवा, आणि तो छात्राध्यापिकेच्या पाठाच्या तासालाच येईल असं वेळापत्रक लावा. यंदाच्या वेळापत्रकासाठी मी हीच मागणी लेखी दिली आहे. मुख्याध्यापकांनी ती वाचून विचारलं, "मग सातवी ब कोण घेणार?" त्या वर्गासाठी गेली दोन वर्षं शिक्षक मिळालेला नाही.