गुण आहेत, मग धीर का नाही?



आपल्या समाजातल्या मुली शिकत नाहीत, असे आता कोणी म्हणणार नाही. फ्रँकफर्टला असोत, अश्दोदला असोत की ठाण्याला, मुली शिकतात आणि चांगल्या मार्कांनी शिकतात. इथे जर्मनीत विद्यापीठांत निम्म्याच्या आसपास मुलीच आहेत. भारतात २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत विज्ञान शाखेत मुली मुलांपेक्षा जास्त निघाल्या: २९.८ लाख मुली आणि २७.४ लाख मुलगे. वाचून आनंद होतो. पण पुढे काय? जर्मनीत २०२३ साली शंभर प्राध्यापकांमागे बायका होत्या २९. बाकीच्या वाटेत कुठे राहिल्या?

याला कारणे पुष्कळ. घर, मुले, पगार, नेमणूक करणारे लोक, सगळे त्यात आले. आज आम्ही त्यातले एकच धरतो, कारण ते तुमच्या-आमच्या हातातले आहे. ते म्हणजे धीर. सगळे येत असते, पण "मला जमेल" म्हणायला जीभ रेटत नाही.

आमच्या ओळखीची एक मुलगी इथल्या विद्यापीठात कॉम्प्युटर शिकते. हुशार आहे. शिकता शिकता अर्धवेळ नोकरीची एक जाहिरात आली. त्यात दहा गोष्टी येणारा विद्यार्थी पाहिजे होता. हिला आठ येत होत्या. हिने अर्जच केला नाही. वर्गातल्या एका मुलाला पाच येत होत्या, त्याने खुशाल केला, आणि त्याला बोलावणेही आले! आम्ही म्हटलं, "का गं, तू का नाही केलास?" तर म्हणते, "आजी, दोन येत नव्हत्या ना. हसले असते मला."

हे तिचे एकटीचे नाही. नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट या दोन अमेरिकन बायकांनी १९८१ साली कॉलेजच्या मुलामुलींना वीस व्यवसाय सांगून विचारले, यातले तुम्हाला काय काय जमेल? दहा व्यवसाय पुरुषांचे समजले जाणारे होते, दहा बायकांचे. मुलांना दोन्हीकडे सारखाच विश्वास होता. मुलींना मात्र बायकांच्या म्हटल्या जाणाऱ्या कामांत जास्त आणि पुरुषांच्या कामांत कमी. आणि गंमत अशी, की इंग्रजी आणि गणिताच्या परीक्षेत मुलामुलींत फरक नव्हता. म्हणजे डोके सारखे, फक्त धीर कमी.

मग हा धीर येतो कुठून? अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली त्याचे चार झरे सांगितले. स्वतः काम करून ते जमलेले पाहणे, हा सर्वांत मोठा. दुसरा, आपल्यासारख्या कोणाला तरी ते करताना पाहणे. तिसरा, विश्वासातल्या माणसाने "तुला जमेल" म्हणणे. आणि चौथा, छातीत धडधडले तरी त्याचा अर्थ "मी नालायक" असा न घेणे.

हे वाचून आम्हाला वाटले, अरे, आम्हाला मुंबईला नर्सिंग असेच तर शिकवले! पहिल्याने संत्र्यावर सुई टोचायला दिली. मग मोठ्या नर्सेस इंजेक्शन कसे देतात ते पाहायला लावले. मग एक दिवस सिस्टर ट्यूटर म्हणाल्या, "आता तू दे, मी इथंच उभी आहे." हात थरथरत होता, पण दिले. दहाव्या इंजेक्शनला थरथर गेली. काम आधी आले, धीर मागून आला. आपल्या मुली उलटे करतात. धीर येण्याची वाट बघतात आणि काम दुसरा घेऊन जातो.

बालमित्रांनो, झेंकेनबर्ग म्युझियममधले डायनासोर तुम्ही पाहिलेच असतील. त्याच म्युझियममध्ये टिली एडिंगर नावाच्या बाई काम करीत. जन्म १८९७, फ्रँकफर्टच्याच ज्यू घरातल्या. वडील मेंदूचे मोठे डॉक्टर, पण मुलींनी व्यवसाय करावा हे त्यांना पटत नसे. शिवाय टिलीबाईंना ऐकायला कमी येई. फ्रँकफर्टचे विद्यापीठ १९१४ साली सुरू झाले, तेही गावातल्या लोकांच्या पैशावर, आणि त्यात ज्यू घराण्यांचा वाटा मोठा होता. त्याच विद्यापीठातून त्यांनी १९२१ साली डॉक्टरेट घेतली, विषय प्राचीन काळचा एक समुद्री सरपटणारा प्राणी. नंतर म्युझियममध्ये बिनपगारी काम केले. १९२९ साली त्यांचा ग्रंथ आला: नामशेष प्राण्यांच्या मेंदूंवर! मेंदू तर टिकत नाही, पण कवटीच्या पोकळीत त्याचा आकार राहतो, त्यावरून त्यांनी अभ्यास केला. नाझी आल्यावर १९३८ पर्यंत लपतछपत काम केले, मग लंडनमार्गे १९४० मध्ये अमेरिकेला हार्वर्डच्या म्युझियममध्ये गेल्या. एका नव्या शास्त्राच्या त्या जननी ठरल्या.

आता आपल्या घरचे उदाहरण. पुण्याच्या हुजूरपागेच्या शाळेतल्या आपल्या दोन बेने इस्राएल मुली. रिबेका रूबेन १९०५ साली मॅट्रिकला पहिल्या आल्या, आणि पुढे १९२२ ते १९५० मुंबईच्या सर एली कदुरी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांपैकी कोणाच्या तरी घरी त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी नक्की सांगितल्या गेल्या असतील. दुसऱ्या डॉ. जेरुशा झिराड, जन्म १८९०. लहानपणी बहीण फार आजारी पडली, तेव्हा मुंबईच्या कामा हॉस्पिटलात लेडी डॉक्टरांनी तिला बरे केले. ते पाहून या मुलीने ठरवले, आपणही डॉक्टर व्हायचे. एका बाईला काम करताना पाहिले, त्याचा हा परिणाम! ग्रँट मेडिकल कॉलेज झाले, मग लंडन, आणि १९१९ साली तिथली स्त्रीरोगशास्त्राची एम.डी. परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळालेल्या पहिल्या भारतीय बाई त्याच. १९२८ ते १९४७ त्याच कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, आणि १९६६ मध्ये पद्मश्री.

म्हणून वडीलधाऱ्या मंडळींना आमचे हात जोडून सांगणे आहे. आपण प्रेमानेच बोलतो, पण काय बोलतो? "मुलीच्या जातीला एवढं कशाला?" "त्या कामात सगळे पुरुषच गं." "मार्क मिळाले ना, पुरे." या वाक्यांनी कोणाला चूल धरायला लावली जात नाही, पण पाय मात्र अडखळतो. त्याऐवजी म्हणा, "करून बघ, आम्ही आहोत." नातीला घरातले एखादे खरे काम द्या. बँकेचे पत्र वाचून उत्तर लिहायला सांगा, सरकारी कचेरीत सोबत न्या आणि बोलू द्या तिला.

मुलग्यांचेही तसेच. नातू म्हणाला मला नर्सिंग करायचे आहे, तर हसू नका. आम्ही वॉर्डात चांगले पुरुष नर्स पाहिले आहेत, आणि रोगी त्यांची वाट बघत असत.

त्या कॉम्प्युटरवाल्या मुलीला आम्ही एवढेच म्हटले, "आठ येतात ते लिही, दोन शिकते आहे म्हणून लिही." पुढच्या जाहिरातीला तिने अर्ज केला. बोलावणे आले, नोकरी नाही मिळाली. पण तिथे काय विचारतात ते कळले. त्यानंतरचा अर्ज तिने कोणाला न विचारता भरला. आम्हाला एवढे पुष्कळ.

बालमित्रांनो, तुम्हाला घरचा अभ्यास. आजीला किंवा आजोबांना विचारा, "हात थरथरत असताना तुम्ही पहिल्यांदा केलेले काम कोणते?" उत्तर मराठीत चार ओळी लिहून पाठवा. चुका झाल्या तरी चालतील, आम्ही सुधारून घेऊ.

सर्वांना आरोग्य लाभो. पुढच्या अंकी भेटूच.