वल्हे कोणाच्या हाती?

"आमच्या क्लबात स्त्रियांना पहिल्यापासून मुक्त प्रवेश आहे," हे वाक्य संस्थांच्या स्मरणिकांतून इतक्या सहजपणे छापले जाते, की ते वाचून कोणी क्षणभर थांबत नाही. आम्ही मात्र थांबू इच्छितो. पुनावळ्याच्या शिवेवरून पवना वाहते. पाहता पाहता त्या गावाचे नगर झाले, शेतांच्या जागी उंच इमारती उठल्या, सुशिक्षित कुटुंबे येऊन राहिली. उद्या तेथे एखादा नौकानयन क्लब निघाला, तर त्याच्या पहिल्या पत्रकातही हे वाक्य असणारच. परंतु प्रवेश म्हणजे काय? बक्षीससमारंभाला येऊन काठावरच्या खुर्चीत बसणे, हाही एक प्रवेशच होय. वल्हे कोणाच्या हाती आणि क्लबाची सूत्रे कोणाकडे, हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या संस्थेने फार लवकर दिले, ती लंडनच्या हॅमरस्मिथ भागात १८९६ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक फ्रेडरिक फर्निव्हल हे पुढे ऑक्सफर्डच्या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कोशाच्या आरंभीच्या संपादकांपैकी एक. वय त्या वेळी ७१. चहाच्या दुकानांतून दिवसभर राबणाऱ्या मुलींना त्यांनी नदीवर नेले, दोन वल्ह्यांनी नाव कशी चालवावी हे शिकवले आणि खास मुलींसाठी क्लब काढला. १९०१ मध्ये पुरुषांनाही त्यात घेण्यात आले. तथापि कप्तानपद दुसऱ्या महायुद्धापर्यंत स्त्रीकडेच राहिले. म्हणजे येथे प्रवेश मिळाला तो पुरुषांना! आज हा क्लब फर्निव्हलांच्याच नावाने ओळखला जातो.

ह्या औदार्याचे मूळ एका अन्यायात आहे, आणि ते आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. १८७९ साली हेन्लीच्या सुप्रसिद्ध शर्यतींच्या चालकांनी 'हौशी' खेळाडूची व्याख्या केली. तीत मजुरीवर काम करणारा यंत्रकामगार, कारागीर अथवा मजूर ह्यांस मज्जाव होता. हातांना घट्टे पडलेला मनुष्य सद्गृहस्थांच्या शर्यतीत नको, हा त्याचा सरळ अर्थ. ह्याच वृत्तीविरुद्ध १८९० मध्ये कष्टकऱ्यांना सामावून घेणारी निराळी संघटना उभी राहिली आणि तिच्या पुरस्कर्त्यांत फर्निव्हल होते. मजुराला दार लावणारा हात आणि स्त्रीला दार लावणारा हात एकच आहे, हे त्यांनी ओळखले होते. हेन्लीची ती अट १९३७ पर्यंत टिकली. आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संघाला, त्यातील खेळाडू पोलिस होते म्हणून, तेथे नाकारण्यात आले होते. स्त्रियांना तर ऑलिंपिकमधील नौकानयनाचे दार १९७६ पर्यंत उघडले नाही. पुरुष १९०० पासून तेथे वल्ही मारीत होते. दार उघडल्यावरही काही वर्षे स्त्रियांची शर्यत १००० मीटरांची, पुरुषांची २००० ची!

ह्या गोष्टी दूरदेशीच्या म्हणून कोणी सोडून देऊ नये. पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ चा. पवना जेथे मुळेला मिळते त्या दापोडीस लष्कराचे नौकानयन केंद्र आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा, विहिरी खणणारा दत्तू भोकनळ लष्करात शिरला, पुण्यात वल्हे मारावयास शिकला आणि २०१६ साली रिओ येथे जगात तेरावा आला. १८७९ च्या नियमाने त्याला हेन्लीच्या काठावरच अडविले असते! मजुराच्या पोराला संधी मिळताच काय घडते, हे ह्यावरून दिसलेच. मग मजुराच्या पोरीला ती का नसावी? २०१० च्या आशियाई स्पर्धेत प्रतिमा पुहाण व प्रमिला प्रभा मिंझ ह्या ओडिशाच्या दोघींनी कांस्यपदक मिळविले. तेव्हा स्त्रियांच्या अंगी बळ नाही, हा आक्षेप आता कोणी काढू नये.

"परंतु मुली येतच नाहीत," असे चालक म्हणतात. हॅमरस्मिथच्या मुली आल्या. कारण कोणीतरी त्यांच्या कामाच्या जागी जाऊन, त्यांच्या सुटीचा दिवस पाहून त्यांना बोलावले. सकाळी सहाची वेळ, भरमसाट वर्गणी, कपडे बदलावयास खोली नाही, आणि कार्यकारी मंडळात एकही स्त्री नाही, अशी व्यवस्था करून मुलींची वाट पाहणे ही शुद्ध आत्मवंचना होय. राहता राहिली अब्रूची काळजी. आमच्या आज्या धुण्याची बुचकी आणि पाण्याच्या घागरी घेऊन रोज नदीवर जात होत्या. तेव्हा कोणाची अब्रू बुडाली नाही. नदीवर कष्ट केले तर कुलीनता आणि खेळ केला तर स्वैरपणा, हा न्याय आम्हांस समजत नाही.

म्हणून पुनावळ्याच्या सुशिक्षितांस आमचे सांगणे इतकेच. प्रथम पवना स्वच्छ करून घ्या. मैल्याच्या पाण्यात कोणाच्याही लेकीने नाव घालू नये. मग क्लब काढा आणि त्याची पहिली नाव मुलींना द्या. त्या मुलींत तुमच्या लेकींबरोबर तुमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईची आणि कारखान्यातील कामगाराची लेकही असू द्या. कप्तान त्यांनीच त्यांच्यातून निवडावी. एवढे झाल्यावर पन्नास वर्षांनी निघणाऱ्या स्मरणिकेत मुक्त प्रवेशाचे ते वाक्य छापण्याची गरजच उरणार नाही.